आठ अक्षरांचा पाऊस

मुळशीत राहतो म्हटलं की २०१८ सालापासून समोरचा माणूस अर्धं पाऊल मागे सरकतो. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ची ही कृपा. त्याआधी मुळशी म्हणजे धरण, आंबेमोहर आणि पावसाळ्यातली ताम्हिणीची सहल, एवढंच लोकांना ठाऊक होतं. माझ्या एकंदर शरीरयष्टीकडे पाहता माझ्यापासून कुणाच्या जिवाला धोका नाही हे कळायला हरकत नसावी. पण पडद्याचा प्रभाव मोठा. म्हणून मी घाईघाईने सांगतो, “नाही हो, आम्ही तिकडे कविता करतो.” त्यावर तो उरलेलं अर्धं पाऊलही मागे घेतो.

करतो म्हणजे खरंच करतो. आणि एकटादुकटा नाही, चांगले शंभरावर जण करतो. चांदणी चौक मागे टाकला की भूगाव, भुकूम, पिरंगूट, घोटावडे फाटा, पौड अशी जी वस्तीची माळ लागते, तिच्यात जागोजाग आमचे कवी ओवलेले आहेत. पौडच्या पुढे माळ विरळ होत धरणाच्या कडेकडेने ताम्हिणीपर्यंत जाते. तिथे एकच कवी आहे, पण दमाचा आहे. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते हे हिंजवडीत काम करणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. आमच्या कवितेच्या मोबाइल ग्रुपवर मात्र तिथलेही दोघं आहेत आणि ते मुक्तछंदात लिहितात. निवृत्त तलाठी आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, मेडिकल दुकानदार आहेत, पिरंगूटच्या कंपनीत रात्रपाळी करणारा एक पोरगा आहे. तो पहाटे पावणेसहाला बसमध्ये बसून प्रेमकविता टाकतो. त्या वेळी ग्रुपवर जागे असतात ते सगळे सत्तरीच्या पुढचे. त्याच्या विरहाला पहिली दाद नेहमी ज्येष्ठ नागरिकांकडूनच मिळते.

माझा प्रवेश जरा वाकड्या वाटेने झाला. मी पुण्यातल्या एका छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली. लोकांच्या लेखी तो धंदा प्रूफरीडरचा. माझ्या बायकोच्या मते, दुसऱ्याच्या चुका काढून पगार घेण्याचा. ऱ्हस्वाचा दीर्घ दिसला की माझ्या डोळ्यात कुसळ जातं. निवृत्त होऊन भुकूमला राहायला आलो, शेजाऱ्यांनी मला ग्रुपवर घातलं, आणि पहिल्याच दिवशी एका भगिनीची ‘आई’ या विषयावरची कविता आली. कवितेत सोळा ओळी होत्या आणि अकरा चुका. मी त्या क्रमांक घालून, शुद्ध रूपांसह, सविनय खाली लिहिल्या.

दोन तास ग्रुप गप्प. सकाळी सहापासून रात्री साडेअकरापर्यंत जिथे टाळ्यांचे पिवळे हात अखंड वाजत असतात, तिथे दोन तास शुकशुकाट. मग आमच्या संचालिका बाईंचा मला एकट्याला निरोप आला. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. पट दीडशेचा असो की पाचाचा, सांभाळायचा कसा हे त्यांना पक्कं माहीत.

“दादा, चुका असतील तर मला एकटीला पाठवत जा. मी गोडीत सांगते. कवितेखाली फक्त ‘छान’ लिहायचं.”

“आणि छान नसेल तर?”

“मग ‘खूप छान’ लिहायचं.”

या ग्रुपचा कारभार एकदा पाहण्यासारखा आहे. रोजचा विषय आदल्या रात्री येतो. सोमवारी चित्रचारोळी असते, म्हणजे बाई एखादं चित्र टाकतात आणि त्यावर चार ओळी करायच्या. मंगळवार अष्टाक्षरीचा. मध्ये कधी हायकू, कधी काव्यांजली, आणि शनिवारी मुक्तछंद, कारण शनिवारी पाहुणे येतात आणि अक्षरं मोजायला वेळ नसतो. रात्री नऊपर्यंत आलेल्या रचनांना परीक्षक क्रमांक देतात. इथे मला एक नवीन गणित शिकायला मिळालं. मी समजत होतो, प्रथम म्हणजे पहिला. तसं नाही. प्रथमच्या वर उत्कृष्ट असतो, उत्कृष्टच्या वर सर्वोत्कृष्ट, आणि त्याच्याही वर काही नसतं असं वाटेपर्यंत लक्षवेधी येतो. खालच्या बाजूला द्वितीय, तृतीय आणि उत्तेजनार्थ. उत्तेजनार्थ किती द्यायचे याला मर्यादा नाही. एकंदरीत मुळशी तालुक्यात सन्मानपत्रावाचून राहायचं तर कविता न करणं हाच एक मार्ग उरतो.

सन्मानपत्र सुरेख असतं. सोनेरी वेलबुट्टीची चौकट, एका कोपऱ्यात दौत आणि मोरपीस (आमच्यातल्या कुणीही आयुष्यात मोरपिसाने लिहिलेलं नाही, सगळे अंगठ्याने लिहितात), दुसऱ्या कोपऱ्यात कवीचा लग्नातून कापलेला फोटो. मला पहिलं सन्मानपत्र मिळालं तेव्हा त्यात माझ्या आडनावातला दीर्घ ऊकार ऱ्हस्व पडला होता. तीस वर्षांत मी जगाच्या ज्या चुका पकडल्या त्या सगळ्यांनी मिळून सूड उगवावा तशी ती चूक. मी ती बाईंना कळवली का? नाही. मी ते सन्मानपत्र स्टेटसला ठेवलं, आणि किती जणांनी पाहिलं हे दर दहा मिनिटांनी पाहत बसलो.

‘छान’चं सुद्धा एक शास्त्र आहे. नुसतं ‘छान’ म्हणजे पोच. ‘सुंदर रचना’ म्हणजे दोन ओळी वाचल्या. ‘अप्रतिम’ म्हणजे काल तुम्ही माझ्या कवितेला अप्रतिम म्हटलं होतं. आणि ‘निःशब्द’ हे सर्वांत वरचं. लोक ते विसर्गाशिवाय लिहितात आणि निःशब्द झाल्यावर खाली चार ओळी मजकूर घालतात. सुरुवातीला हे सगळं मला फार खटकायचं. चाळीस ओळींची दीर्घकविता पडते आणि सहाव्या सेकंदाला खाली ‘अप्रतिम’ उमटतं. चाळीस ओळी सहा सेकंदांत मीसुद्धा वाचू शकत नाही, आणि मी एके काळी रात्रीत पुस्तकाचा अख्खा फर्मा तपासून दिलेला आहे.

पण बारकाईने पाहिलं तर हा रोग आजचा नाही, आणि मोबाइलचा तर मुळीच नाही. पुण्यात १९२३ साली माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे वगैरे मंडळींनी रविकिरण मंडळ काढलं, तेव्हा तरी काय होतं? एकत्र जमायचं, चहा घ्यायचा, आपल्या कविता एकमेकांना वाचून दाखवायच्या, एकमेकांच्या ऐकायच्या. पुढे त्यातल्या कित्येकांची नावं पाठ्यपुस्तकांत गेली म्हणून आपण त्याला मंडळ म्हणतो. नसती गेली तर चहाचा ग्रुपच म्हटलं असतं. त्यांच्या या सगळ्या थाटाची टिंगल करायला दोन वर्षांत सासवडकडचे आचार्य अत्रे ‘केशवकुमार’ होऊन आलेच; १९२५ च्या ‘झेंडूची फुले’ने भल्याभल्यांना घाम फोडला. आमच्या ग्रुपवरही मध्यंतरी एक जण केशवकुमार होऊ पाहत होता. बाईंनी त्याला ॲडमिन केलं. आता तो रोज संध्याकाळी ‘कृपया विषयाला धरून लिहावे’ असं लिहितो.

आणि उत्तेजनार्थाला हसताना मला जळगाव आठवतं. १९०७ साली तिथे कविसंमेलन भरलं होतं. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, पेशाने लष्करी डॉक्टर आणि वनस्पतींचे मोठे जाणकार. त्यांच्यापुढे सतराएक वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा मुलगा उभा राहिला आणि कविता म्हणाला. अध्यक्षांनी त्याचं कौतुक केलं आणि त्याला ‘बालकवी’ म्हटलं. ठोंबरे हे आडनाव त्यानंतर शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. ज्याला औषधी झाडपाला ओळखता येतो त्याला रोप ओळखणं अवघड गेलं नसणार. पण त्या दिवशी त्या सभेत आणखीही मुलं, माणसं कविता म्हणाली असतील, आणि अध्यक्षांनी त्यांनाही काहीतरी बरं बोलून खाली बसवलं असेल. ती घरी जाताना कशी गेली असतील, याचा मी हल्ली जास्त विचार करतो. माझ्याकडे सत्तावीस उत्तेजनार्थ आहेत.

आमची एक अष्टाक्षरी कशी घडली ते मात्र सविस्तर सांगितलं पाहिजे. जूनचा शेवटचा मंगळवार होता. विषय अर्थातच पाऊस. आमच्याकडे पावसाला विषय देणं म्हणजे माशाला पाणी देणं. ताम्हिणीच्या अंगाला तो असा कोसळतो की छत्री ही वस्तू फक्त वाकडी करून घेण्यासाठी बाहेर न्यायची. तर, भूगावच्या अकराव्या मजल्यावरच्या एका ताईंनी दुपारी लिहिलं:

मुळशीच्या पावसात
भिजे माझे भाताचे शेत

धडाधड टाळ्या पडल्या. तीन गुलाब आले. एक जण निःशब्द झाले. मी बोटं मोजली. पहिली ओळ बरोबर आठ. दुसरी नऊ. अष्टाक्षरीत जोडाक्षर एकच धरायचं, अर्धं अक्षर मोजायचं नाही, एवढी सवलत देऊनही नऊ. शहाणा झालो होतो, म्हणून बाईंना एकटीला कळवलं. बाईंनी ग्रुपवर गोडीत लिहिलं, “ताई, पाऊस इतका झाला की एक अक्षर काठाबाहेर आलंय. ‘भिजे माझे भातशेत’ केलं तर?” ताईंना पटलं. आठ झाले. पुन्हा टाळ्या.

मग तलाठीअण्णा आले. “ताई, ‘माझे’ शब्दाला हरकत आहे. सातबारा दाखवा.” अण्णा नोकरीत असताना हसायचे नाहीत म्हणे, आता वसुली करतायत. ताई म्हणाल्या, “अहो, भावना माझ्या आहेत.” अण्णा म्हणाले, “भावनांची नोंद इतर हक्कात होते.”

इथपर्यंत झालं आणि रात्र झाली. ताम्हिणीकडच्या आमच्या त्या एकट्या कवीचा पत्ता नव्हता, आणि तो असणारही नव्हता. त्याच्या वाडीवर रेंज नाही. तो सकाळी दूध घेऊन रस्त्याला येतो तेव्हा त्याच्या फोनला कंठ फुटतो. मग आदल्या दिवसभरात आलेल्या सगळ्या कवितांना तो सव्वासात ते सात वीस या पाच मिनिटांत दाद देतो. बुधवारी सव्वासातला त्याचं लिहिणं आलं: “ताई कविता लई भारी. पन आमच्याकडं भाताचं शेत म्हनत न्हाईत. खाचर म्हनत्यात.”

ताईंनी आनंदाने बदललं: ‘भिजे भाताचं खाचर’. मी मोजलं, आठ. ‘माझे’ही गेलं होतं, त्यामुळे महसूल खात्याचीही हरकत उरली नाही. आता उत्तर यायला गुरुवार उजाडणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि गंमत अशी की दिवसभर सगळेच त्याची वाट पाहत होते. बुधवारचा विषय ‘माहेर’ होता, त्यावर तुरळक चार-पाच रचना आल्या. गुरुवारी सव्वासातला तो आला. “ताई, खाचर म्हनलं की भात आलाच. कांद्याचं खाचर नस्तं. अन् खाचर भिजत न्हाई. भिजतं ते मानूस. खाचर भरतं.”

ताई अकराव्या मजल्यावर जन्मलेल्या नाहीत. त्यांचं माहेर विदर्भातलं, कपाशीचं. भाताचं खाचर त्यांनी गाडीच्या काचेतून पाहिलेलं. त्यांनी दुपारभर विचार करून संध्याकाळी लिहिलं:

मुळशीच्या पावसात
तुडुंब भरे खाचर

बोटं मोजायला हात उचलला आणि खाली ठेवला. कानालाच कळत होतं. त्या रात्री ग्रुपवर एकही गुलाब आला नाही, कारण सगळे ती ओळ आपापल्या घरी म्हणून बघत असावेत. शुक्रवारी सकाळी सव्वासातला एकच शब्द आला: “आत्ता.”

परीक्षकांनी त्या रचनेला उत्तेजनार्थ दिलं, कारण ती मंगळवारच्या मुदतीत पूर्ण झाली नव्हती.

हे सगळं खेळीमेळीचं असलं तरी त्या खाचरांची कविता करताना घशात काहीतरी अडकतं खरं. रस्त्याने दर पावसाळ्यात एक-दोन खाचरं कमी होतात आणि तिथे चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खांब, ‘एनए प्लॉट’ची पाटी उभी राहते. माझ्या इमारतीखाली काय होतं हे मी कुणाला विचारलेलं नाही. अण्णांना ठाऊक असणार. ते आपण होऊन सांगत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या कविता धरणावर असतात. टाटांच्या या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. त्याचं नेतृत्व करता करता पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी चिकटली ती कायमची. धरण झालं, गावं पाण्यात गेली. सेनापती तुरुंगात गेले. तेही कविता करायचे. अण्णांना या गोष्टीचा फार अभिमान. “आपल्या तालुक्याचा सेनापतीसुद्धा कवी होता,” ते मेळाव्यात माईकवरून सांगतात, आणि मग आपली कविता वाचतात, ती पंचवीस मिनिटं चालते. मेळाव्यात श्रोता म्हणून शेवटी मंडपवालाच उरतो असा एक जुना विनोद आहे. आमच्याकडे तेही नाही. आमचा मंडपवाला गझल लिहितो.

यंदाच्या कोजागिरीला अण्णांच्या घरी जमायचं ठरलं. कोळवण खोऱ्यातलं गाव, जुनं कौलारू घर, पुढे पडवी. दूध आटत होतं, चंद्र ढगात होता, आणि कविता सुरू करण्याची सगळे एकमेकांना विनंती करत होते. पडवीच्या कोपऱ्यात जातं होतं. लग्नात हळद दळायला निघतं तेवढंच, एरवी त्याच्यावर चपला नाहीत तर मांजर. अण्णांची आई त्याच्याजवळ भिंतीला टेकून बसली होती. वय पंच्याऐंशी की नव्वद यावर घरात एकमत नाही.

मला छापखान्याच्या दिवसांतलं वाचलेलं आठवलं. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी मुळशीच्या याच डोंगरांतल्या गरीब बायकांबरोबर काम करता करता जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली; मग तो नाद महाराष्ट्रभर पसरला आणि ओव्यांचा आकडा लाखाच्या वर गेला. प्रत्येक ओवीपुढे गाणारीचं नाव आणि गाव. लाखभर ओव्या, आणि सन्मानपत्र एकही नाही. मी आजींना विचारलं, ओव्या येतात का?

“येत व्हत्या. आता जातं कुठंय?”

“हे काय, तुमच्या पाठीशी.”

“रिकाम्या हातानं येत न्हाई ओवी,” आजी म्हणाल्या. “अन् एकटीला ओढत न्हाई.”

बाई उठल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, तरी पाय पसरून जात्याच्या पलीकडे बसल्या. अण्णांच्या सुनेने मूठभर तांदूळ आणले. खुंटा एकच, खाली आजींचा हात, वर बाईंचा. जातं आधी कुरकुरलं, मग त्याला घरघर लागली, आणि त्या घरघरीतून आजींचा आवाज कधी वर आला ते कळलं नाही. पहिली ओळ आजींनी म्हटली. बाईंना ती यायची काही गरज नव्हती. त्यांनी आजींच्या मागून शेवटचे दोन शब्द तेवढे उचलले, आणि “गं बाई” जोडलं. तेवढ्या वेळात जात्याचा एक फेरा झाला आणि आजींना दुसरी ओळ सापडली. पुन्हा बाईंनी शेपूट उचललं, पुन्हा फेरा. मी सवयीने बोटं मोजायला गेलो. एका ओळीत नऊ, एकीत अकरा, एकीत मला मोजताच आली नाहीत. पण दगड फिरत होता तोवर एकही अक्षर जास्त झालं नाही.

ओवी भावाची होती. पावसात भाऊ मुराळी होऊन, म्हणजे बहिणीला न्यायला, निघालाय, आणि मध्ये नदी आलीय. रात्रपाळीवाल्या पोराने ती फोनवर धरली होती. लगेच ग्रुपवर टाकली. पडवीत पंधरा जण होतो, बाकीचे आपापल्या गच्च्यांवर. टण् टण् टण् आवाज सुरू झाले. छान. खूप छान. अप्रतिम. भूगावच्या ताई निःशब्द, विसर्गासकट. ताम्हिणीकडून काही नाही. तिकडे सकाळी सव्वासात वाजायचे होते.

“काय वाजतंय ते?” आजींनी विचारलं.

अण्णा म्हणाले, “आई, तुझी ओवी सगळीकडं गेली. लोकं छान म्हणतायत.”

“कोन लोकं?”

“हायत. लांबलांबची.”

“म्हंजी ऐकत्यात,” आजी म्हणाल्या. तांदळाची मूठ त्यांनी जात्याच्या तोंडात सोडली आणि बाईंच्या हाताखाली पुन्हा खुंटा धरला. “मंग पुढची म्हनू?”